हात दिसतील असा लॅपटॉप

माझी ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लहान असताना, मी जन्मायच्याही आधी, तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण तिला ऐकू येईनासं झालं. हे मला कोणी कधी समोर बसवून सांगितलं नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ताईशी हातांनी बोलायचं आणि बाकीच्यांशी तोंडाने, असंच चाललेलं होतं आणि त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं.

मखमलाबादला आमचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू आणि कडेकडेने मेथी-कोथिंबीर. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. फुलं खुडून झाली की ते टोपल्या स्कूटरला बांधून फुलबाजारात जायचे. ताई ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि मग घरीच राहिली. शाळेतल्या खुणा तिला येत होत्या, पण घरात त्या कोणालाच येत नव्हत्या. म्हणून आमच्या घरच्या वेगळ्या खुणा तयार झाल्या. नाकावर चमकीच्या जागी बोट टेकवलं की आई. खांद्यावर टोपली घेतल्यासारखं केलं की नाना. कानाची पाळी चिमटीत धरली की मी. आई-नानांना कामापुरत्या खुणा यायच्या: जेव, ये, पाणी, पाहुणे, झोप. मला सगळ्या यायच्या, कारण निम्म्या मी आणि ताईनेच शेवंतीच्या वाफ्यात बसून केलेल्या होत्या. ताई भराभर बोलायची. गावात कोणाचं कोणाशी बिनसलं आहे, कोणती सून माहेरी गेली ती परत यायचं नाव घेत नाही, हे सगळं तिला नुसतं बघून कळायचं, आणि ती ते मला नकलांसकट सांगायची.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे फोन आला तेव्हा सगळ्यांनी तो एकेकदा कानाला लावून पाहिला. ताईने रिसीव्हर गालाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि मला सांगितलं, "आत माशी आहे." आम्ही दोघी खूप हसलो. या माशीचं पुढे आमच्या दोघींमध्ये काय होणार आहे, ते तेव्हा कोणाला माहीत होतं!

मी नाशिकमध्येच इंजिनियरिंग केलं, त्यामुळे शिकताना घर सुटलं नाही. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी मला बंगलोरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ताईने माझी बॅग भरली, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, आणि स्टँडवर मात्र आली नाही.

बंगलोरहून मी फोन करायचे. आईशी बोलणं झालं की विचारायचे, "ताई कशी आहे?"

"बरी हाय. ही काय, इथंच बसली. तुझ्याकडंच बघती." म्हणजे ताई फोनकडे बघत असायची.

"तिला सांग, मला इथे नवीन मैत्रीण मिळाली. आणि मला मध्ये ताप येऊन गेला, आता बरी आहे. आणि तिला विचार, पांढऱ्या गुलाबाला कळ्या आल्या का?"

पलीकडे बांगड्या वाजायच्या. मग आई म्हणायची, "सांगितलं."

काय सांगितलं असेल, ते मला माहीत होतं. "ती बरी आहे. जेवली." एवढंच. आईचा दोष नव्हता. तिच्या खुणा तिथे संपत होत्या.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा ताई माझ्याशी बोलेना. ऐकू येणारं माणूस रुसलं तर गप्प बसतं. ताई रुसली की पाठ फिरवायची, कारण तिचे डोळे आपल्याकडे नसले की आपलं बोलणंच बंद व्हायचं. मी तिच्यासमोर जाऊन बसले की ती दुसरीकडे तोंड करायची. शेवटी फुलं ओवता ओवता तिने सुई खाली ठेवली.

"तुला ताप आला होता," ती हातांनी म्हणाली. "मला शेजारणीने कपाळाला हात लावून सांगितलं."

"मी आईला सांगितलं होतं."

"तू सगळं त्या माशीला सांगतेस. माझ्या वाटणीला काय येतं? जेवली. झोपली." तिने दोन्ही खुणा अशा केल्या की जणू उष्टं ताट माझ्यापुढे सारते आहे.

 मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिने माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणजे राग गेला होता, पण प्रश्न तिथेच होता.

परत गेल्यावर मी सायबर कॅफेचा उपाय काढला. ठरलेल्या वेळी नाना ताईला स्कूटरवर बसवून गंगापूर रोडच्या एका कॅफेत घेऊन गेले. मी इकडून कॅमेऱ्यासमोर बसले. पडद्यावर काडेपेटीएवढं चित्र उमटलं आणि त्यात ताई! मला रडूच आलं. पण ती बोलायला लागली तसं लक्षात आलं, की हात हलला की नुसता पांढुरका पट्टा दिसतो आणि बोटं कुठेच दिसत नाहीत. आमच्या 'गुलाब' आणि 'आजारी' या खुणा जवळजवळ सारख्या; फक्त बोटं मिटलेली की उघडी एवढाच फरक. ती सांगत होती की गुलाब छान आहेत, आणि मी घाबरून विचारत होते, कोण आजारी आहे? शेवटी ती हळू बोलायला लागली. एक खूण, थांबायचं, दुसरी खूण. ती फक्त आईशी आणि परक्या माणसांशी तशी बोलायची. मागून कॅफेवाल्याने वेळ संपल्याचं सांगितलं असावं, कारण नाना उठले आणि चित्र गेलं.

त्या दिवशी मी ठरवलं की घरी स्वतःचं यंत्र पाहिजे.

फोनवर नाना म्हणाले, "घ्यायचाच तर मोठा कॉम्प्युटर घे ना. लॅपटॉप लय नाजूक राहतो म्हणत्यात."

"नाना, आपल्याकडे लाइट असते कधी? रविवारी सकाळीच मी मोकळी असते आणि तेव्हाच तुमचं लोडशेडिंग. लॅपटॉपला बॅटरी असते."

ते त्यांना पटलं. पण कोणता घ्यायचा, हे मलाच नीट कळत नव्हतं. मी प्रोग्रॅम लिहायचे, पण दुकानातून यंत्र विकत घ्यायची वेळ कधी आली नव्हती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला यातलं बरंच कळायचं. मी त्याला ताईबद्दल सांगितलं. त्याने हातातला डबा बंद करून ठेवला आणि जरा विचार करून म्हणाला, "मग तू हार्ड डिस्क, डीव्हीडी वगैरे बघूच नकोस. प्रोसेसर बघ. व्हिडिओवर बोलताना त्याला दोन कामं एकदम करावी लागतात. इकडचं चित्र लहान करून पाठवायचं आणि तिकडून आलेलं उलगडून दाखवायचं. एका कोअरचा, म्हणजे एकाच मेंदूचा, प्रोसेसर त्यात धापा टाकतो. मग तो मधली चित्रं गाळतो. बोलणाऱ्यांचं त्याने बिघडत नाही, आवाज येत राहतो. पण तुझ्या बहिणीचे शब्दच त्या गाळलेल्या चित्रांत आहेत. दोन कोअरचा घे. आणि हेही लक्षात ठेव, फार जोरकस घेतलास तर तो बॅटरी लवकर पितो."

मी हे नानांना माझ्या परीने समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे निंदायला एक बाई लावायची का दोन, असंच ना?"

"तसंच."

"मग दोन लाव. पर दोघींना भाकरी पुरली पायजे."

एवढं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

सुट्टी काढून मी नाशिकला आले आणि आम्ही तिघं कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेलो. आई म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, आणि घरी राहिली. दुकानदार माझ्याच वयाचा, हसरा, बोलका होता. त्याने आम्हाला बसवलं आणि लाल चकचकीत झाकणाचा एक लॅपटॉप पुढे केला.

"हा बघा, सगळ्यात जास्त जाणारा. याच्यात हजारो गाणी बसतात."

"गाणी नकोत," मी म्हणाले.

"मग पिक्चर? पिक्चर एकदम मस्त..."

"माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. मला बंगलोरहून तिचे हात दिसले पाहिजेत."

 मग त्याने ताईकडे बघून, का कोण जाणे, नमस्कार केला. ताईनेही केला. त्यानंतर त्याने गाण्यांचं नाव काढलं नाही.

त्याने तीन लॅपटॉप काढले. तिन्ही नव्या पद्धतीचे, पडद्याच्या वरच बारीक कॅमेरा असलेले. लाल झाकणाचा एका कोअरचा. दुसरा काळपट, दोन कोअरचा, पण बेताच्या वेगाचा. तिसरा चंदेरी, दोन कोअरचा आणि त्याच्याकडचा सगळ्यात वेगवान. मी म्हणाले, नुसता स्वतःचा चेहरा त्यात बघून उपयोग नाही, खरोखर बोलून बघायला पाहिजे. त्याला आता आमच्या कामात रस वाटायला लागला होता. त्याने स्वतःचा रोजचा कॉम्प्युटर काउंटरवर माझ्यासमोर लावला, आणि ताई व नाना तिन्ही लॅपटॉप घेऊन वर माळ्यावर गेले, जिथे तो रिकामी खोकी ठेवायचा.

पहिल्यांदा लाल. ताई दिसली, बोलायला लागली, आणि पुन्हा तोच पट्टा. हात इथे होता, मग एकदम तिथे. मधलं काहीच नाही. मी म्हणाले, "पुन्हा." ती हळू बोलायला लागली. मी नको म्हणून मान हलवली. ताई माझ्याशीही हळू बोलणार असेल, तर मी हे सगळं कशासाठी करत होते?

मग काळा. ती नेहमीच्या वेगाने काहीतरी म्हणाली आणि मी मोठ्यांदा हसले.

दुकानदाराने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुमच्या माळ्यावर उंदीर आहे. आमचे नाना त्याला बघून खोक्यावर चढले आहेत."

तो लाजून वर धावला.

मग चंदेरी. त्यात तर ताईच्या बोटांची नखंसुद्धा दिसत होती, नखांत अडकलेला झेंडूचा पिवळेपणा दिसत होता. माझं ठरलंच. मी म्हणाले, हाच द्या.

"मॅडम, एक सांगू का?" दुकानदार म्हणाला. "मला हाच विकायला आवडेल. पण तुमच्याकडे लाइट जाते म्हणालात. हा बॅटरी फार खातो. दोन्ही बॅटरीवर लावून बघा. तुम्ही रस पिऊन या."

त्याने काळा आणि चंदेरी दोन्ही पूर्ण चार्ज करून ठेवलेले होते. त्यांच्या वायरी काढून दोन्हीवर व्हिडिओ चालू ठेवला आणि आम्ही समोरच्या गुऱ्हाळात जाऊन बसलो. नाना दोन ग्लास रस प्यायले आणि उंदीर मोठा होता हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा पटवून दिलं. परत आलो, थोडा वेळ अजून बसलो, तेवढ्यात चंदेरीवर बॅटरी संपत आल्याचा इशारा आला. काळ्यात अजून बरीच होती. ताईने दोन्हींवर एकेक तळवा ठेवला. मग चंदेरीवरचा हात उचलून तिने स्वतःच्या कपाळाला लावला.

"याला ताप आलाय," ती म्हणाली. "आतून थरथरतोय पण."

"पण चित्र याचंच चांगलं आहे," मी म्हणाले.

"हो. याच्यात तू छान दिसतेस." ती थांबली. "पण याच्यात तू लवकर जातेस."

काळा घ्यायचा ठरला. नाना पैसे देत होते तेवढ्या वेळात ताईने लाल लॅपटॉपच्या झाकणावरून एकदा बोट फिरवलं. दुकानदाराने ते पाहिलं आणि मला म्हणाला, "लाल रंग दोन कोअरमध्ये अजून आलेला नाही हो, नाहीतर दिला असता." मी ताईला सांगितलं. तिने खांदे उडवले. घरी गेल्यावर तिने लाल कापडाची एक पिशवी शिवली, आत जुन्या शालीचं अस्तर लावून, आणि काळा लॅपटॉप तिच्यात ठेवला.

त्यानंतर रविवारची सकाळ आमची झाली. लाइट गेली की ब्रॉडबँडचा डबाही बंद पडायचा, म्हणून नानांनी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून तो जुन्या मोटरसायकलच्या बॅटरीवर जोडून घेतला. ताईने बाकीचं आपल्या मनाने बसवलं. दाराकडे तोंड करून बसायचं म्हणजे उजेड हातांवर पडतो. मागे पांढरी चादर टांगायची. फुलाफुलांचा ड्रेस घालायचा नाही, त्यात हात हरवतात. गडद निळा घालायचा. आणि मग ती सुरू व्हायची. कुत्रीला पिल्लं झाली. पिल्लू कसं चालतं, बघ. आईचा गुडघा दुखतो पण ती सांगत नाही, जिन्याशी येऊन थांबते. नाना गोठ्यामागे जाऊन बिडी ओढतात. मी माझं सांगायचे. माझी चहाची कपबशी तिला दिसायची, तिची मला. कधी कधी सांगण्यासारखं काही उरायचं नाही, मग ती तिकडे फुलं ओवायची आणि मी इकडे कपड्यांना इस्त्री करायचे, समोरासमोर.

तसंच एक-दीड वर्ष गेलं. मग एकदा फोनवर आईने आनंदाची बातमी दिली. इंदिरानगरच्या मावशीने ताईसाठी एक स्थळ आणलं होतं. सायखेड्याचे शेतकरी, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही, वय थोडं जास्त, पण स्वभावाने चांगले. ते बघून गेले होते आणि त्यांना ताई पसंत होती.

"आणि ताई काय म्हणाली?"

"तिला बी पसंत हाय. सारखी हसत होती. चहा दिला, पोहे दिले. लय खूश."

मला आनंद झाला आणि थोडा धक्काही बसला, की हे तिने मला आधी कसं सांगितलं नाही. रविवारी ती पडद्यावर आली तीच उत्साहात.

"पाहुणे आले होते," ती म्हणाली. "दात चांगले आहेत त्याचे. कपाळावर केस थोडे कमी आहेत. हात मोठे. चहा पिताना आवाज करतो असं वाटलं, कारण आईने त्याच्याकडे बघितलं. पण नजर चांगली आहे. तुझ्यापेक्षा बराच मोठा दिसतो. तुला चालेल?"

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. भिंतीवर माझा पदवीचा फोटो होता. पाहुण्यांनी फोटोकडे बोट दाखवून धाकटी काय करते ते विचारलं असणार, आणि ताईने ते पाहिलं होतं.

मी हळूहळू म्हणाले, "ताई, तो माझ्यासाठी नव्हता आला. तुझ्यासाठी आला होता."

तिचे हात हवेत तसेच राहिले. चेहरा तसाच. मला वाटलं चित्र अडकलं. त्या लॅपटॉपवर असं कधी झालं नव्हतं, पण मला तसंच वाटलं, आणि मी बटण दाबायला हात पुढे नेला. तेवढ्यात तिच्यामागची चादर वाऱ्याने हलली. चित्र व्यवस्थित चालू होतं. थांबली होती ती ताई.

मग ती उठून गेली. बराच वेळ मला नुसती पांढरी चादर दिसत होती. ती परत आली ती आईला हाताला धरून. आईच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ताईने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि मला म्हणाली, "विचार तिला. मला का सांगितलं नाही?"

मी आईला तोंडाने विचारलं.

"सांगितलं की!" आई म्हणाली. "कपाळाला मुंडावळ्या बांधल्यासारखं करून दावलं मी. ती त्या फोटोकडं बघून हसली. मला वाटलं, धाकटी इथं नाय, तिची आठवण काढून हसती. आता याच्यापरीस जास्त मी कसं सांगू? मला येतंय का एवढं बोलता? जेव अन् झोप, इतकंच येतं मला माझ्या लेकीशी." आणि आई पिठाच्याच हाताने डोळे पुसायला लागली.

हे सगळं मी ताईला हातांनी सांगितलं, शब्द न शब्द. तिने बघून घेतलं. मग तिने आईचे दोन्ही हात धरले. आईचा उजवा हात आईच्या कपाळाशी नेला, मुंडावळ्यांची खूण, आणि मग तोच हात ओढून, तर्जनी सरळ करून, स्वतःच्या छातीला टेकवला. *मुंडावळ्या. तुला.* पुन्हा एकदा. मग सोडून दिला. आईने आपली आपण ती खूण केली. कपाळ, आणि मग ताई. ताईने मान हलवली, हां, असं.

नाना दारात उभे राहून ऐकत होते. ते पुढे आले. "मग नाय म्हणून कळवतो मी त्यास्नी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पोरीला फसवल्यावानी झालं हे."

मी ताईला सांगितलं. तिने विचार केला.

"नाही का म्हणायचं? बोलवा परत. त्या दिवशी मी त्याला तुझ्यासाठी बघितलं."

"मग आता काय वेगळं बघणार आहेस?"

"तुझ्यासाठी बरा होता," ती म्हणाली. "माझ्यासाठी जरा जास्त नीट बघायला पाहिजे."

ते पुन्हा आले. रविवारीच आले, माझ्या सोयीने, आणि एकटेच आले. लॅपटॉप टेबलावर ठेवला होता, शेजारी ताई. मी दुभाषी. पांढरा शर्ट, खरोखर मोठे हात, आणि मान थोडी खाली. त्यांनी पडद्याकडे बघून मला नमस्कार केला.

"त्यांना विचारा," ते मला म्हणाले, "त्यांना खेड्यात राहायला आवडंल का?"

मी ताईला सांगितलं, ताईचं उत्तर त्यांना सांगितलं.

"त्यांना सांगा, घरी माझी आई हाय, लय चांगली हाय. त्यांना विचारा..."

सगळं माझ्याकडे बघून. ताई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिने शांतपणे हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

मला नुसती कीबोर्डची बटणं दिसायला लागली. आवाज येत होता. आईच्या बांगड्या, बाहेरून जाणारी एक गाडी, बशी ठेवल्याचा आवाज. बोलण्याचा एकही शब्द नाही. मी "आई, काय चाललंय?" असं दोन-तीनदा विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. मग एका पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा काही नाही, खूप वेळ. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, पाणी प्यायले, परत येऊन बसले. बटणंच.

झाकण वर झालं तेव्हा पाहुणे गेले होते. ताई एकटी होती आणि तिचे डोळे ओले होते.

"काय झालं? वाईट बोलला का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "पाण्याची खूण कशी करायची, ते विचारलं. मी दाखवली. त्याने चुकीची केली आणि मला म्हणाला, गाढव दे." ती हसली. "मग मी त्याला पहिल्या बायकोचं विचारलं."

"कसं विचारलंस?"

"तो हातातल्या अंगठीशी चाळा करत होता. मी अंगठीकडे बोट केलं आणि विचारलं, कुठे?  मग त्याने दाखवलं." आणि ताईने मला त्याचे हात करून दाखवले. पोटावरून गोल फिरवलेला हात. मग दोन्ही हात पोटावर घट्ट दाबलेले. मग गालाखाली हात घेऊन मिटलेले डोळे. मग एक लहानसं काहीतरी उचलून, तेही तिच्या शेजारी ठेवलेलं.

ताईने डोळे पुसले.

"त्याला कोणी शिकवलं नव्हतं," ताई म्हणाली. "तरी त्याने सगळं सांगितलं. मला एकदाही तोंडाकडे बघावं लागलं नाही."

तिने लगेच होकार दिला नाही. घाई नाही, असं कळवायला सांगितलं. ते मग काही ना काही निमित्ताने येत राहिले. कधी कांद्याची गोणी घेऊन, कधी विंचूरच्या बाजारातून परतताना वाट वाकडी करून. दर वेळी ताई त्यांना नव्या खुणा शिकवायची आणि रविवारी मला त्यांच्या चुका करून दाखवायची. चुका कमी होत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मी रजा काढून आले आणि लग्नात मी कोणाचं काही कोणाला सांगत बसले नाही, नुसती मिरवले.

लाल पिशवीतला लॅपटॉप ताईबरोबर सायखेड्याला गेला. तिकडे ब्रॉडबँड यायला बरेच महिने लागले. ते नव्हतं तोवर मी नुसती काळजी करत बसे. ते आल्यावर पहिल्याच रविवारी ती गडद निळी साडी नेसून, मागे चादर लावून बसली होती, आणि तिच्या सासूबाई शेजारी बसून माझ्याकडे बघून कानाची पाळी चिमटीत धरत होत्या. तेवढी एक खूण त्यांना ताईने आधीच शिकवून ठेवली होती.

पुढे थंडीत मी पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेले. म्हणजे राहायला नव्हे, दिवसभरासाठी. संध्याकाळच्या बसने नाशिकला परतायचं होतं. द्राक्षं बघितली, नदीवर गेलो, सासूबाईंनी भरीत केलं होतं. जेवताना ताई आणि दाजी एकमेकांशी बोलत होते आणि मला मध्ये मध्ये कळेनासं झालं. मनगट फिरवून बोटं चिमटल्यासारखी एक खूण होती. दुसरी, भुवईला अंगठा लावायची. या खुणा मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी ताईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ते आमचं आहे," आणि दाजींकडे बघून हसली.

निघताना मी पिशवी हातात घेतली तर दाजी समोर आले आणि तीच मनगटाची खूण करून माझ्याकडे प्रश्न विचारल्यासारखं बघत राहिले. त्यांना बोलता येत होतं, मला ऐकू येत होतं, पण ते माझ्याशी हातांनीच बोलत होते. मला कळेना. मी ताईकडे पाहिलं.

"विचारतायत," ताई म्हणाली, "उद्यापर्यंत थांबतेस का?"

मी हो म्हणाले. दाजींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ते ती आत ठेवून आले.